मोठी मूळ संख्या: पानं मोजण्यापेक्षा गणित छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंट यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी मूळ संख्या सापडली, त्यावर मराठीत जे काही वाचायला मिळतं ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी असतात, एक म्हणजे आकडा छापायला किती पानं लागतील आणि दुसरी म्हणजे आता ऑनलाइन बँकिंग आणखी सेफ होणार. ही दुसरी तर साफ चुकीची आहे. ऑनलाइन माहिती गुप्त ठेवणाऱ्या आरएसए एनक्रिप्शनला लागणाऱ्या मूळ संख्या साधारण ३०० अंकी असतात आणि त्या गुप्त राहिल्या तरच कामाच्या, ही तर जगजाहीर आहे, मग तिचा तिथे काय उपयोग?

खरी मजा संख्येच्या घडणीत आहे आणि ती आठवीच्या पोरांनाही कळते. २ चा १३६२७९८४१ वा घात घ्यायचा, त्यातून १ वजा करायचा, झाली ही संख्या. बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली तर नुसते १ च १, मध्ये एकही शून्य नाही. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या अशा संख्या म्हणजे मर्सेन संख्या. घातांक मूळ नसेल तर अशी संख्या मूळ असूच शकत नाही, पण उलटं खरं नाही हं, ११ मूळ आहे तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ आहे.

मग एवढी अवाढव्य संख्या मूळ आहे हे कळतं कसं? एकेका संख्येने भागत बसलं तर जन्म पुरणार नाही. त्यासाठी ल्युका-लेमर टेस्ट आहे आणि ती इतकी सोपी आहे की मला अजून नवल वाटतं. ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच, घातांकापेक्षा २ कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य आलं की संख्या मूळ. ३१ घ्या, ती २ चा ५ वा घात वजा १, म्हणजे घातांक ५, म्हणून तीन वेळा. ४ वरून १४, १४ वरून १९४ म्हणजे बाकी ८, ८ चा वर्ग ६४ वजा २ म्हणजे ६२, ३१ ने भागलं की शून्य. झालं! ड्युरंट यांच्या संख्येसाठी हेच १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८३९ वेळा. डब्लिनमधल्या एका जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्ससाठी बनवलेल्या वेगवान कॉम्प्युटर चिपवर, आधी ती बहुधा मूळ असावी असं दिसलं आणि मग टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओच्या दुसऱ्या जीपीयूने या टेस्टने पक्कं केलं.

हा खास आकार नसता तर एवढ्या मोठ्या संख्येची खात्री आज कुणालाच देता आली नसती. कुठल्याही संख्येला चालणारी, आणि सिद्धांताच्या हिशेबाने झटपट म्हणता येईल अशी पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दिली, ते फार मोठं काम आहे, पण इतक्या आकाराला ती प्रत्यक्षात झेपत नाही.

आपल्या मुलांच्या पुरवणीत ही टेस्ट १२७ घेऊन सोडवून दाखवा अशी विनंती आहे. बाक्या १४, ६७, ४२, १११ आणि मग शून्य अशा येतात, कॅल्क्युलेटरही लागत नाही. आणि २०४७ घरी करून बघायला द्या, नऊ वेळा करून शून्य येत नाही, १७३६ उरतात.

आपला,
एक नियमित वाचक