पुस्तकांचं माप घेणाऱ्या मिस्त्रीकाकांना

प्रिय मिस्त्रीकाका,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

'नाव घालू नका, बाई,' असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून घालत नाही. पत्र मात्र उघड लिहिते आहे. तुम्ही जे केलंत ते चारचौघांत सांगायलाच हवं असं मला वाटतं. कपाट घरी आलं, पुस्तकं लागली, तरी हे लिहिताना अजून गळा दाटतो.

चिपळूणकरांना 22 जुलै 2021 काय होता ते सांगावं लागत नाही. वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी पहाटे गावात शिरलं. 1864 पासून चालत आलेल्या आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पुस्तकांची नासाडी झाली, तिथे आमच्यासारख्यांच्या घरातल्या पुस्तकांची काय कथा. माझ्या वडिलांची पुस्तकं तळमजल्यावर एका तयार कपाटात होती. वरचे दोन खण पाण्याच्या वर होते, पण कपाट पार्टिकल बोर्डचं. लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली ती फळी, कडेनं पाणी प्याली की फुगते, आणि नंतर कितीही वाळवली तरी मूळ जाडीवर येत नाही. खालचे खण फुगून फुटले आणि वरचे पुस्तकांसकट पाण्यात आले. ती पुस्तकं पुरानं नाही, कपाटानं घालवली. हे मला आजही पचत नाही.

त्यानंतर जे मागे उरलं त्याच्यासाठी खऱ्या लाकडाचं, दारांचं कपाट हवं म्हणून मी किती जणांचे उंबरे झिजवले! एका दुकानदारानं 'ताई, अस्सल साग' म्हणून जे पाठवलं, ते बोर्डावर सागाचा पापुद्रा चिकटवलेलं निघालं. पहिल्याच पावसात दारं घासायला लागली आणि दुकानदार फोन उचलेना. दुसरे एक कारागीर उचल घेऊन गेले ते गेलेच. मग मी ठरवलं की आपणच शिकायचं, कुणाच्या तरी हाताखाली उभं राहून आपलं कपाट आपण करायचं. तर एका वर्कशॉपच्या मालकांनी मला आत पाऊलही टाकू दिलं नाही. 'बायकांचं काम नाही हे, बोट गेलं म्हणजे?' असं म्हणून त्यांनी गिऱ्हाइकांदेखत हात जोडले. पैसे बुडाल्यापेक्षा ते हात जोडणं मला जास्त लागलं.

तुम्ही मात्र मला काहीच विचारलं नाहीत, फक्त म्हणालात, 'पुस्तकं घेऊन या.'

तोवर ज्यांनी ज्यांनी माप घेतलं, त्यांनी भिंतीचं घेतलं होतं. तुम्ही सगळ्यात उंच पुस्तक मागितलंत, सगळ्यात रुंद मागितलंत, मग सगळ्यात जड. दिवाळी अंक उभे ठेवणार की आडवे, हेही विचारलंत. दोन विटांवर फळी टाकून त्यावर माझे कोशाचे खंड ओळीनं लावलेत आणि मला बाजूनं वाकून बघायला सांगितलंत. मी गणित शिकवते. लांबी दुप्पट केली, पुस्तकं तितक्याच दाटीनं भरली, तर फळीचा झोळ सोळापट होतो, हे मी कागदावर मांडून दाखवू शकते. तुम्ही विटा जवळ-दूर सरकवून तेच दाखवलंत आणि अडीच फुटांवर थांबलात. माझ्या वर्गातल्या मुलांना मी आता हे तसंच दाखवते.

लाकूड माझ्याकडे होतं. गावच्या घराची पडवी उतरवली तेव्हाचे सागाचे वासे आणि फणसाच्या काही फळ्या. जुनं लाकूड म्हटलं की काही जण नाक मुरडतात, मुंबईहून आणलेला आयात साग गळ्यात मारायला बघतात. तुम्ही वाशावर हात फिरवलात आणि म्हणालात, हे वाळायचं तेवढं केव्हाच वाळलंय, याच्यासारखं दुसरं नाही. मग लोहचुंबक फिरवून आत मोडून राहिलेला एकेक खिळा शोधलात, लाकूड तासायच्या रंध्याचं पातं तुटू नये म्हणून. 'हा खिळा तुमच्या पणजोबांच्या सुताराचा असेल,' असं म्हणून एक घडीव खिळा तुम्ही माझ्या हातात दिलात.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

तुमच्या शेडमधलं कामाचं टेबल तुमच्या उंचीचं आहे. मी त्यापुढे उभी राहिले की कोपर टेबलाच्या कडेशी यायचं. रंधा मारताना मला अंगाचा भार टाकता येईना. सगळं खांद्यानं ओढायचं, आणि फळी गुळगुळीत व्हायच्या ऐवजी तुटक तुटक ढलप्या निघायच्या. मी चवड्यांवर उभी राहून मारत होते. मी त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मला वाटत होतं की शिकताना असंच होत असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर टेबलापाशी एक पाट होता. टाकाऊ फळ्यांचा, बिनपॉलिशचा, वीतभर उंच, मी पाय पसरून उभी राहू शकेन एवढा रुंद. तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'त्याच्यावर उभ्या राहा, बाई.' बस्स, एवढंच. मी चढले, रंधा धरला आणि पहिल्याच हाताला टोकापासून टोकापर्यंत एक सलग, पातळ पट्टी गुंडाळत वर आली.

काका, मला रडू आलं ते त्या पट्टीमुळे नाही. पाटावरून उतरताना मी पाहिलं, तुम्ही त्याच्या चारी कडा पॉलिशपेपरनं घासून गोल केल्या होत्या. मी चपला काढून काम करते हे तुमच्या लक्षात आलं होतं. टाकाऊ लाकडाच्या, भुशात पडून राहायच्या वस्तूच्या कडा कोण घासतो? संध्याकाळी शेड बंद केल्यावर मागे थांबून तुम्ही ते केलं असणार, कारण दिवसा मी तिथेच होते. ज्या माणसांना मी पैसे मोजले त्यांनी माझ्या कपाटाची दारं सरळ करायचे कष्ट घेतले नाहीत, आणि तुम्ही माझ्या तळव्यांना कुसळ लागू नये म्हणून रात्री बसलात.

मला शिकवताना तुम्ही एकदाही 'तुम्हाला नाही जमायचं' म्हणाला नाहीत. लाकूड कोरायची पटाशी हातात देताना दांड्याची बाजू माझ्याकडे करून दिलीत. करवतीच्या मशीनवर मात्र मला हात लावू दिला नाहीत, आणि कारणही सांगितलंत. नाही म्हणायची हीसुद्धा एक रीत असते, हे त्या हात जोडणाऱ्या मालकांनी कधीतरी तुमच्याकडे येऊन बघावं.

कपाटाबद्दल थोडं लिहिते, कारण आमच्याकडे येणारा जो तो विचारतो. दारांच्या चौकटी सागाच्या, वरच्या दारांना काच, खालच्या दारांत फणसाचं पॅनल. ते पॅनल तुम्ही गोंद न लावता नुसतं खाचेत बसवायला लावलंत आणि कडेला मोकळी जागा ठेवलीत. 'आत्ता मे आहे, जुलैत हे पसरेल,' असं म्हणालात. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. चौकट त्याला धरून ठेवते पण अडवत नाही. यंदा पावसात मी रोज दारं उघडून पाहिली. एकही घासलं नाही. पाठीला वर-खाली भोकं पाडून बारीक जाळी लावलीत, बंद कपाटात ओल कोंडली की बुरशी येते म्हणून. आणि मी न सांगता सगळं कपाट दोन भागांत केलंत, वरचा भाग नुसता खुंट्यांवर बसणारा, दोन्ही बाजूंना धरायला कड्या. पुन्हा पाणी आलं तर दोघांनी उचलून माडीवर न्यायचा. ही कल्पना चिपळूणच्या माणसालाच सुचायची.

फणस आत्ता पिवळाधमक दिसतो. तो वर्षागणिक काळपट तांबूस होत जाईल असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा तो तसाच राहावा म्हणून काही लावायचा मोह मी सोडून दिला.

पैशांचं बोलणं तुम्हाला आवडत नाही, पण हेही लोकांना कळू दे. मशीनची मजुरी, बिजागऱ्या, काच आणि पॉलिशचा चपडा, एवढ्याचाच हिशेब तुम्ही दिलात, तोही वहीच्या पानावर, पावत्या जोडून. उरलेल्या सागाचे तुकडे पोत्यात भरून घरी पाठवलेत. शिकवण्याचं काय, असं विचारलं तर म्हणालात, 'तुम्ही आमच्या पुतण्याला शिकवलंत तेव्हा मी विचारलं होतं का?' काका, त्याला शिकवायचा मला पगार होता.

गावात सभ्य माणसं कमी झाली असं आम्ही शिक्षक मंडळी सारखं बोलत असतो. मी हल्ली त्या बोलण्यात भाग घेत नाही. सभ्यपणा शांतपणे काम करत असतो. भुशानं भरलेल्या शेडमध्ये, सनमाईकाच्या कॅटलॉगांपासून लांब. तो शोधायला आपण जात नाही. ज्यांच्या दुकानाला काच आणि गार हवा असते त्यांच्याकडे आधी जातो. मीही तिथेच गेले होते.

आता एक विनंती आहे. माझ्या वर्गातून यंदा दहावी झालेली एक मुलगी सुतारकाम शिकायचं म्हणते. घरचे तयार आहेत, आयटीआयला अर्जही केला आहे. तोवर सुटीत तुमच्याकडे येऊ दे का? मुलगी कष्टाळू आहे, भूमिती उत्तम आहे, आणि काटकोन तपासायचा गुण्या धरायला मी तिला शिकवलं आहे. तुम्ही हो म्हणालात तर सोमवारी सकाळी घेऊन येते. काकूंना नमस्कार सांगा, आणि त्यांना वाचायला हवी होती ती पाककृतींची दोन पुस्तकं मी काढून ठेवली आहेत, तीही आणते.

आपली,
बाई
चिपळूण