जुन्या जीन्स जाळू नका, त्यांच्या वाकळा होतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोळा झाला. दसरा सरला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतील, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे.

मी लातुरात तीस वर्षांपासून शिवणकाम करते. झंपर, परकर, शाळेचे ड्रेस आणि थंडीच्या तोंडावर वाकळा. पण वाकळेला आता कापडच मिळेना झालंय. आमच्या सासूबाई जुनी लुगडी, धोतरं थरावर थर अंथरून वाकळ शिवायच्या. सगळं सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आता बाया पोतं भरून साड्या आणतात त्या सगळ्या सिंथेटिक. टाका घालताना सरकतात, रात्री अंगावरून घसरतात, आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतात. ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, चुलीपासून दोन हातांवर निजणाऱ्या लेकरावर असलं पांघरूण घालायला माझं मन घेत नाही.

घराघरांत आज जुनं, जाड, सुती कापड एकच उरलंय, ते म्हणजे जीन्सची प्यांट.

जीन्सची वाकळ करायला मला सासूबाईंनी शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही त्याच पट्ट्यातल्या एका गावात होतो. घर गेलं, माणसं वाचली. मदतीच्या ट्रकांतून जुन्या कपड्यांचे ढीग आले. साड्या, शर्ट लोकांनी उचलले. जीन्स तशाच पडून राहिल्या, कारण गावात त्या घालणार कोण? सासूबाईंनी त्यातल्या आठ-दहा आणल्या, विळ्यावर उसवल्या आणि दाभणानं जोडल्या. पत्र्याच्या शेडमध्ये त्या हिवाळ्यात माझी सव्वा वर्षाची मुलगी त्या वाकळेत झोपली. पत्रा रात्री बर्फासारखा व्हायचा, पण वाकळेतून वारं आत येत नव्हतं. ती वाकळ अजून माझ्या घरात आहे. कडेचं अस्तर दोनदा बदललं, निळं कापड तेच आहे.

शिवणाऱ्या बायांसाठी थोडं कामाचं सांगते. मांडीच्या आतली दुहेरी शिवण उसवत बसू नका, दोन्ही बाजूंनी कापून काढा. तिच्यावर मशीनची सुई हमखास मोडते. सुई अठरा नंबरचीच लावा. चेन, बटणं, तांब्याच्या टिकल्या आधी काढा. गुडघा विरलेला असतो, तो वगळा. पोटरीकडचं कापड सर्वांत टिकाऊ. ताणली जाणारी जीन्स साध्या जीन्सला जोडू नका, धुतल्यावर वाकळ गोळा होते. नवी गडद प्यांट वेगळी भिजवा आणि पाणी निळं सुटायचं थांबेपर्यंत धुवा, नाहीतर अस्तर खराब होतं. लहान लेकराच्या वाकळेला तीन प्यांटी पुरतात, मोठ्या माणसाला सहा-सात. मध्ये कापूस किंवा ब्लँकेट भरू नका. नुसत्या जीन्सला सुती अस्तर लावलं तरी ऊब पुरते, आणि आत भरलेली वाकळ दवानं भिजली तर दोन-दोन दिवस वाळत नाही. उसाच्या फडावर तेवढं ऊन कोणाला मिळतं?

एक खिसा मात्र तसाच ठेवा. मागच्या वर्षी केजकडच्या एका टोळीतल्या पाच वर्षांच्या पोरीला वाकळ दिली. तिनं आधी खिशात हात घातला, मग दोन बोरं ठेवली, मग वाकळ अंगावर घेतली. दुसरा खिसा मी उसवला होता. त्याखालचं कापड ऊन न लागल्यामुळं गडद निळंच राहिलं होतं, आणि ती त्या चौकोनावर बोट फिरवत बसली होती.

आता मनात सलणारी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात जुने कपडे गोळा करण्याची मोहीम निघाली. मीही निवडून, धुऊन, घड्या घालून दोन पिशव्या दिल्या. महिन्यानं कचऱ्याच्या ढिगाकडून येताना तीच पिशवी दिसली, माझ्या हाताची गाठ असलेली, अर्धी जळालेली. आतल्या जीन्स धुमसत होत्या. गोळा करणाऱ्यांना ते सामान पुढं कुठं द्यायचं हे ठरवताच आलं नव्हतं.

एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते आम्ही रांगेत उभं राहून प्यायलो आहोत. पहिल्या गाडीत दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर. लिव्हाय स्ट्रॉस कंपनीनं २०१५ साली केलेल्या हिशेबात कापूस पिकवण्यापासून घरच्या धुण्यापर्यंत एका जीन्सला सुमारे ३,७८१ लिटर पाणी लागतं. म्हणजे ती अख्खी गाडी जेमतेम एकशे तीस जीन्सची झाली. त्यातली एक जरी उकिरड्यावर जळताना पाहिली तरी मला ती रांग आठवते.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. जीन्स धुऊन, खिसे तपासून आपल्या गल्लीतल्या शिंप्याकडे किंवा बचत गटाच्या बायांकडे द्या, आणि सोबत शिलाईचे पैसेही द्या. लहान वाकळेला दोन दुपारी जातात. बाईनं ते फुकट करावं अशी अपेक्षा ठेवू नका. महानगरपालिकेनं घंटागाडीला कपड्यांची वेगळी गोणी बांधावी. आणि साखर कारखाने, मुकादम यांना सांगणं असं की टोळीला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देताना लेकरांची संख्या विचारा. टोळी ट्रॅक्टरवर चढेल त्या दिवशी तेवढ्या वाकळा तयार असल्या पाहिजेत. फडावर पोचल्यावर कोणी आणून देत नाही.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, लातूर