वेष्टन काढा, मग गुण द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नाताळ आणि नववर्षाच्या भेटींसाठी हेझलनट घातलेल्या दहा मिल्क चॉकलेटांची यादी आली होती. प्रत्येकापुढे एक ते पाच तारे होते. मी ती दोनदा वाचली, मग नातीला मोठ्यानं वाचायला लावली. दहापैकी सात ठिकाणी खोक्याचं वर्णन आहे: रिबीन, सोनेरी कागद, झाकणावरची नक्षी. उरलेल्या तिघांच्या वाट्याला ‘अप्रतिम चव’ एवढे दोनच शब्द आलेत. चव कशाची, दुधाची का दाण्याची, दाणा ताजा होता का खवट, घास गिळल्यावर तोंडात काय राहिलं, याबद्दल अवाक्षर नाही. लोक तुमची यादी कापून, पर्समध्ये घालून दुकानात जातात. माझ्या जाऊबाईच गेल्या आणि पाच खोकी घेऊन आल्या. म्हणून हे पत्र.

मी जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काम केलं. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यंत्र सांगतं, पण डॉकवर, म्हणजे दूध उतरवून घेतात तिथं, यंत्राच्या आधी माणसाचं नाक लागतं. कॅनचं झाकण उघडल्याउघडल्या जो वास येतो तो खरा. नंतर नाक त्याला सरावतं. जनावरानं काय खाल्लंय, भांडं नीट धुतलंय का, दूध रात्रभर कुठं होतं, हे त्या पहिल्या वासात कळतं. कॅनवरचं गावाचं नाव आधी वाचायचं नाही, अशी आमच्या साहेबांची सक्त ताकीद होती. नावाजलेल्या गावाचं दूध म्हटलं की नाक सैल पडतं. हा अनुभव मी स्वतः घेतलाय: एकदा नाव वाचून कॅन पुढे सोडला आणि उकळल्यावर दूध फाटलं.

आमच्या कोल्हापूरला चव कळत नाही असंही नाही. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून डोळ्यांदेखत काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पिणारी माणसं इथली. पेल्याचा पहिला घोट घेऊन दूध कसं आहे ते सांगणारे लोक चॉकलेटच्या बाबतीत मात्र सोनेरी कागद बघून गप्प बसतात, याचं मला वाईट वाटतं.

जाऊबाईंच्या पाच खोक्यांत मी आणखी तीन गोष्टी घातल्या. भाचा कामासाठी इटलीत तुरिनला गेला होता, त्यानं आणलेली पुडी, राजारामपुरीतल्या एका ताईंची घरगुती चॉकलेटं आणि बेकरीतली दहा रुपयांची वडी. सकाळी दहाला सहाजण बसलो: मी, जाऊबाई, त्यांचे दोन मुलगे, सून आणि शेजारचे अण्णा. अण्णांनी मार्केट यार्डात ४० वर्षं गुळाचे सौदे केलेत. ढेपेचा खडा तोंडात टाकून ते गूळ कसा उतरलाय ते सांगतात. त्या दिवशी मिसळ खाऊन यायचं नाही आणि पान-तंबाखू बंद, असं सगळ्यांना बजावलं होतं. नातीनं आतल्या खोलीत वेष्टनं काढली, तुकडे केले आणि ताटल्यांवर क, ख, ग, घ, च, छ, ज, झ अशा चिठ्ठ्या लावल्या. कुठल्या अक्षराला काय, हे तिला एकटीला माहीत. दोन तुकड्यांच्या मध्ये चार चुरमुरे आणि कोमट पाणी. गार पाणी प्यायलं की तोंड थंड पडतं आणि चॉकलेट वितळत नाही. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आपल्या अंगाची ऊब ३७. त्या तीन अंशांत सगळा खेळ आहे.

गुण २० पैकी. त्यांतले ८ दाण्याला, ५ दुधाला, ४ तोंडात वितळण्याला, ३ मागं राहणाऱ्या चवीला. कुणी कुणाच्या वहीत बघायचं नाही.

पहिला नंबर ‘च’चा आला, सरासरी १७. तो निघाला तुरिनचा जांदुयोत्तो, दुधाचा प्रकार. उलट्या होडीच्या आकाराची बोटाच्या पेराएवढी वडी. अख्खा दाणा आत एकही नाही, तरी तोंडात ठेवल्यापासून संपेपर्यंत हेझलनटच. भाजलेला दाणा इतका बारीक वाटलेला की जिभेला कण लागत नाही. शिवाय हेझलनटमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास तेल असतं. ते कोकोच्या लोण्यात मिसळलं की वडी साध्या चॉकलेटपेक्षा मऊ होते. अण्णा डोळे मिटून म्हणाले, “वहिनी, दाणा भाजावा तर असा. करपला न्हाई आन् कच्चा पण न्हाई.”

या वडीची गोष्ट मला मोलाची वाटते. १८०६ साली नेपोलियननं ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केली आणि युरोपात कोको मिळेनासा झाला. तुरिनभोवतीच्या पिएमोन्तेच्या टेकड्यांवर हेझलनट मुबलक, तेव्हा तिथल्या हलवायांनी कोकोत दाण्याचा कूट घालून भर केली असं सांगतात. पुढं १८६५ मध्ये कॅफारेल या कारखान्यानं या मिश्रणाची वडी कार्निव्हलातल्या जांदुया नावाच्या पात्रावरून लोकांपुढं आणली. त्याच टेकड्यांतल्या आल्बा गावात १९४६ साली फेरेरो कंपनी सुरू झाली, तीही युद्धानंतरच्या टंचाईत, कोको कमी आणि हेझलनट जास्त घालून. आता आपल्या बारामतीतही तिचा कारखाना आहे. म्हणजे दोन्ही वेळा महागाईत भर पडली ती दाण्याची, आणि चव वाढली. २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला होता. अशा वेळी भर साखरेची आणि वनस्पती तेलाची घालणं सगळ्यांत सोपं. दाणा किती, हे विचारायची वेळ आज आहे ती यामुळं. युरोपात तर दुधाच्या जांदुया चॉकलेटमध्ये, म्हणजे असा दाणा वाटून घातलेल्या मिल्क चॉकलेटमध्ये, १०० ग्रॅमला किमान १५ आणि कमाल ४० ग्रॅम हेझलनट असावं, असा कायदाच आहे.

दुसरं आलं ‘क’, साडेपंधरा. ते सोनेरी कागदातलं फेरेरो रोशे. इथं आमची परीक्षा पुरती आंधळी नव्हती हे मी कबूल करते. चिरल्यावरही वेफरचा पापुद्रा आणि आतला अख्खा दाणा बघून सगळ्यांनी ओळखलं. पण दाणा कुरकुरीत होता, खमंग होता, आणि वेष्टनावर हेझलनट २८.५ टक्के लिहिलंय ते जिभेला पटलं. १९८२ पासून हा लाडू याच घडणीत मिळतोय. दुधाला मात्र आम्ही कुणीच ३ च्या वर गेलो नाही. हेझलनटच्या क्रीममध्ये ते हरवतं.

तिसऱ्या नंबरानं मला सगळ्यांत जास्त आनंद झाला. ‘छ’, १४ गुण, राजारामपुरीच्या ताईंचं. घरगुती चॉकलेट म्हटलं की कंपाउंडची लादी वितळवून साच्यात ओतायची, अशी बहुतेक ठिकाणची पद्धत. कंपाउंडमध्ये कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तूप असतं. ते अंगाच्या उबेला नीट वितळत नाही आणि टाळूला मेण लावल्यासारखं चिकटून राहतं. ताई कोकोच्या लोण्याचं चॉकलेट वापरतात. हेझलनट सकाळी कढईत मंद आचेवर भाजतात, पंच्यात घेऊन शेंगदाण्यासारखे चोळतात. सालीचा कडवटपणा जातो आणि दाणा ताजा राहतो. दुधातही त्यांनी जवळपास पैकीच्या पैकी गुण मिळवले. तुमच्या यादीत त्या नाहीत, कारण त्यांच्याकडं खोका नाही. पांढऱ्या कागदी पुडीत देतात.

दुधाबद्दल चार ओळी जास्त लिहिते, कारण ते माझं काम होतं. स्वित्झर्लंडमधल्या वेवे गावी दानियेल पेतेर यांनी १८७५ मध्ये मिल्क चॉकलेट जमवलं; अडचण दुधातल्या पाण्याची होती, ते काढल्यावरच दूध आणि कोको एकत्र नांदले. आजही दूध दोन वाटांनी आत जातं. एक, सरळ दुधाची पावडर. दुसरी इंग्रजी वाट: दूध, साखर आणि कोको एकत्र आटवून, वाळवून त्याचा चुरा करायचा. या दुसऱ्या वाटेनं जी चव येते ती बासुंदीच्या कढईला लागलेल्या सायीची. जाऊबाईंच्या मोठ्या मुलानं ‘घ’ खाऊन “ह्यात खवा आहे” असं लिहिलं होतं. त्याला यातलं काही ठाऊक नाही, पण जीभ बरोबर बोलली. मात्र ही आटवलेली चव जोरकस असते आणि हेझलनटला दाबते. म्हणून ‘घ’ला दुधात ५ पैकी ५ आणि दाण्यात ८ पैकी ३.

आता ‘ख’. तुमच्या यादीत याला पाच तारे आहेत, आणि जाऊबाईंनी सगळ्यांत जास्त पैसे यालाच मोजले. आमच्याकडं सरासरी ९. वर पांढरट डाग होते. ती बुरशी नव्हे. उन्हात किंवा दिव्याखाली चॉकलेट एकदा मऊ पडून पुन्हा गोठलं की लोणी वर येऊन तसा थर बसतो. हेझलनटचं तेल आतून झिरपत असल्यामुळं दाण्याच्या चॉकलेटला हा रोग लवकर लागतो. ते सोडून देऊ, डागानं चव फारशी जात नाही. पण दाणा खवट होता. सहाजणांपैकी पाचजणांनी आपापल्या वहीत तोच शब्द लिहिला, एकमेकांना न विचारता. जाऊबाई खोका घेऊन दुकानात गेल्या, तर त्यांना तारीख दाखवली गेली: मुदत अजून चार महिने आहे. मुदत असते ती नीट ठेवलेल्या मालाची. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ३८ वर जातो आणि खोकी रस्त्याकडच्या काचेत रचलेली असतात. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण शहरात हे बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

घरीही आपण चुकतो. चॉकलेट उघडंच फ्रिजमध्ये कांदा आणि चटणीच्या डब्याशेजारी ठेवतो. दुधासारखंच चॉकलेटही वास ओढतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या सगळ्यांत गार कपाटात ठेवावं. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावंच लागलं तर डबा बाहेर काढून तासभर तसाच बंद राहू द्यावा, म्हणजे दव धरत नाही.

‘ग’ आणि ‘ज’बद्दल लिहिण्यासारखं काही नाही, दोन्ही गोड. बेकरीतली वडी ‘झ’, तिला ६. तिच्या वेष्टनावर हेझलनटचं मोठं चित्र आहे, आणि मागं बारीक अक्षरात फक्त ‘हेझलनट फ्लेवर’. दाणा नाहीच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असतात, आणि ज्या घटकाचा वेष्टनावर शब्दानं किंवा चित्रानं गाजावाजा केलाय त्याचं प्रमाणही द्यायचं असतं. पण हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला तरी नियमाला चालतो, आणि अक्षर इतकं लहान की मला नातीकडून वाचून घ्यावं लागलं. दहा रुपये देणाऱ्या पोराला कोण वाचून दाखवणार? हे काम मराठी वर्तमानपत्राचं आहे. नातीच्या शाळेबाहेर हीच वडी खपते, आणि पोरांना हेझलनटची चव म्हणजे हाच वास वाटायला लागलाय. खरा दाणा खाल्ल्यावर तिची मैत्रीण म्हणाली, “ह्याला हेझलनटचा वास येत नाही.” ते ऐकून मला फार लागलं.

तर माझी विनंती. पुढची यादी व्हॅलेंटाइनच्या सुमारास निघेल. त्यात तारे द्याच, लोकांना ते हवे असतात. पण वेष्टन काढून, किमान पाच जणांना, नावं न सांगता खायला द्या, आणि कोणी, कधी, कशाला किती गुण दिले ते दोन ओळींत छापा. प्रत्येकापुढं हेझलनट किती टक्के ते लिहा. छापलेलं नसेल तर ‘छापलेलं नाही’ असं लिहा. माल कुठल्या दुकानातून, काचेतून का आतल्या गार खोलीतून घेतला, तेही सांगा. जाहिरातदारानं पाठवलेला खोका चाखायला घेऊ नका; बाजारातून, आम्ही घेतो तसा विकत घ्या.

माणसं कमी पडली तर मी येईन, अण्णाही तयार आहेत. कोमट पाण्याचा थर्मास आणि चुरमुरे मी घरून आणीन. फक्त सकाळी अकराच्या आत बोलवा, जेवणानंतर जीभ कामाची राहत नाही.

आपली,
दूध संघातील एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
मंगळवार पेठ, कोल्हापूर