चक्रीय अर्थव्यवस्था : संशोधनाचा लाभ कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चक्रीय अर्थव्यवस्थेच्या, म्हणजे वस्तू टाकून न देता दुरुस्ती, पुनर्वापर व पुनर्प्रक्रिया करून पुन्हा वापरात आणण्याच्या, चर्चेत संशोधनावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के, याच आकड्याकडे सर्वांचे लक्ष असते. युरोपीय संघाने 2002 मध्ये ठरवलेले 3 टक्क्यांचे उद्दिष्ट अजून गाठले गेले नाही, याची खंतही वारंवार व्यक्त होते. मात्र तो पैसा कोणत्या कामावर खर्च होतो आणि त्यातून निघालेले ज्ञान कोणाच्या मालकीचे होते, हे फारसे कोणी विचारत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगभरात 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम 22.3 टक्के कचऱ्याच्या संकलनाची व पुनर्प्रक्रियेची रीतसर नोंद आहे. नोंदीबाहेरच्या कचऱ्यातला बराचसा भाग असंघटित कामगार हाताने सुटा करतात. तांबे काढण्यासाठी वायरी जाळणाऱ्याच्या छातीत डायॉक्सिन या विषारी रसायनाचा धूर जातो आणि सर्किट बोर्ड तापवून सुटे भाग काढताना शिशाशी संबंध येतो. धातू पुन्हा बाजारात येतो खरा, पण त्याची किंमत या माणसांच्या आरोग्यातून वसूल होते, आणि ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. दुसरीकडे, जुन्या बॅटरीतून कोबाल्ट किंवा लिथियम हे धातू परत मिळवण्याची प्रक्रिया करदात्यांच्या पैशातून विकसित झाली तरी तिचे पेटंट एखाद्या कंपनीकडे गेले, की लहान उद्योगांना तिचे शुल्क परवडत नाही. अशा वेळी संशोधनखर्च वाढून सरासरी उत्पन्न वाढले, तरी विषमताही वाढू शकते.

याउलट, दुरुस्तीसुलभ रचनेवरील संशोधनाचा लाभ खालपर्यंत झिरपतो. मोबाइलची बॅटरी गोंदाने पक्की बसवलेली असली, की ती बदलण्याऐवजी फोनच टाकून दिला जातो. युरोपीय संघाच्या 2023 च्या नियमानुसार, काही अपवाद वगळता, फेब्रुवारी 2027 पासून वापरणाऱ्याला अशी बॅटरी स्वतः काढता आली पाहिजे. पाणी व धुळीपासून संरक्षण कायम ठेवून हे साधणे सोपे नाही; सार्वजनिक निधी खर्च व्हायला हवा तो अशा कामावर. त्यातून वस्तू अधिक काळ टिकते, कमी उत्पन्नाच्या कुटुंबाचा खर्च वाचतो आणि दुरुस्ती करणाऱ्यांना काम मिळते.

म्हणून सार्वजनिक अनुदान देताना निष्कर्ष खुले ठेवण्याची अट असावी, आणि प्रकल्पाच्या मूल्यमापनात वाचलेल्या कच्च्या मालाबरोबरच कामगारांची मजुरी व त्यांच्या रक्तातील शिशाचे प्रमाणही मोजले जावे.

आपला,
एक वाचक