‘वाजवी भेट’ म्हणजे नेमकी किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुटी जवळ आली की कुटुंब न्यायालयांत एकाच विषयाचे अर्ज वाढतात : सुटीत मूल कोणाकडे? अर्ज एप्रिलच्या अखेरीस येतो, समोरच्याचे म्हणणे मागवले जाते, ते दाखल व्हायला एक-दोन तारखा जातात, तोवर मे उजाडतो आणि न्यायालयालाही सुटी लागते. मग सुटीतील न्यायाधीशांपुढे तातडी पटवून द्यावी लागते. हुकूम हाती येईपर्यंत निम्मी सुटी संपलेली असते. याचे मूळ शोधायला गेले की ते बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांपूर्वी नवरा-बायकोने वेगळे होताना न्यायालयात लिहून दिलेल्या संमतीच्या अटींत, एकाच ओळीत सापडते : ‘मुलाचा ताबा आईकडे राहील व वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील.’ त्याच कागदात फ्लॅट, पोटगी आणि दागिने यांवर चार-चार पाने असतात, अंगठीचे वजनसुद्धा ग्रॅममध्ये लिहिलेले असते. मुलाच्या वाट्याला मात्र ही एक ओळ.

वाजवी म्हणजे किती, हे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. वडिलांच्या मते दर शनिवार-रविवार, आईच्या मते महिन्यातून दोन तास. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. म्हणून तडजोड करतानाच भेट बारकाईने लिहून घ्या, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. पण त्याआधी ज्या गैरसमजांपायी तडजोडीची बोलणीच फिसकटतात, ते दूर करायला हवेत.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज पाच वर्षांचा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये एवढेच म्हटले आहे की पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. पाचवा वाढदिवस झाला की मूल आपोआप वडिलांकडे जाते, असे त्यात नाही. तोवर वडिलांना भेटच नाही, असेही नाही. तान्ह्या मुलाचा ताबा आईकडे राहणे त्याच्या हिताचे नाही असे वडिलांचे म्हणणे असेल, तर ते वडिलांनीच सिद्ध करायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले. पाचनंतर दोघांपैकी कोणाचेही पारडे आधीपासून जड नसते. याच अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे मुलाचे हित सर्वांत वर. याच कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, असे शब्द आहेत. त्यावर बोट ठेवून आईला शाळेत किंवा बँकेत अडवले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या गीता हरिहरन निकालात ‘त्यांच्यानंतर’ याचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असा न घेता ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ असा लावला गेला. मुलाकडे पूर्ण पाठ फिरवलेले वडीलही त्या अर्थाने अनुपस्थितच. मुस्लिम कुटुंबांत हिजानतचे, म्हणजे लहान मुलाचा ताबा आईकडे राहण्याच्या हक्काचे, वयाचे नियम आहेत, पण पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली अर्ज आला की तिथेही न्यायालय मुलाचे हित पाहतेच.

‘नऊ वर्षांचे झाले की मूल स्वतः ठरवते’ हेही खरे नाही. कायद्यात असे कोणतेही वय नाही. १८९० च्या कायद्याचे कलम १७ सांगते की मूल समजून-उमजून मत देण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय त्याचे मत विचारात घेऊ शकते. विचारात घेणे वेगळे आणि त्यावरच निकाल देणे वेगळे. न्यायाधीश सहसा चेंबरमध्ये, आई-वडिलांना बाहेर बसवून मुलाशी बोलतात. आठ वर्षांचे मूल ‘माझ्या वडिलांनी कर्तव्यात कसूर केली’ असे वाक्य बोलू लागले, की ते कोणाचे वाक्य हे ओळखायला वेळ लागत नाही. पढवून आणणाऱ्याचेच त्यात नुकसान होते.

कमाईचेही तसेच. जास्त पगार म्हणजे ताबा, असे समीकरण नाही. पैसा कमी असलेल्या पालकाकडे मूल राहिले, तर दुसऱ्याने मुलाचा खर्च द्यायचा. त्यासाठीच पोटगी आहे. न्यायालय पाहते ते रोजचे जगणे : शाळेत कोण सोडते, ताप आला तर रजा कोण काढते, पालकसभेला कोण जाते. म्हणून पगाराच्या स्लिपांइतकेच लसीकरणाचे कार्ड, फीच्या पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी, शाळेच्या डायरीतल्या सह्या हे कागद जपून ठेवावेत. व्हॉट्सॲपचे संदेश दाखल करायचे असतील, तर आधी छापील प्रती आणि सोबतचे प्रमाणपत्र यांबद्दल वकिलांना विचारून घ्यावे. नुसता मोबाइल पुढे करून काम होत नाही.

अर्ज कुठे, हा प्रश्न माहेरी गेलेल्या बायका हमखास विचारतात. घटस्फोटाचा किंवा नांदण्याचा अर्ज आधीच चालू असेल, तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयात ताब्याचा व भेटीचा अर्ज करता येतो, अंतरिम हुकूमही मागता येतो. तसे काही चालू नसेल, तर १८९० च्या कायद्याखाली, मूल जिथे सामान्यतः राहते तिथल्या न्यायालयात. दोन महिन्यांपूर्वी घाईने मुलाला दुसऱ्या गावी आणले, तर ते तिथे ‘सामान्यतः राहते’ असे म्हणणे अवघड जाते. शाळेचा प्रवेश आणि राहण्याचा काळ दोन्ही पाहिले जातात. घरात मारहाण होत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दंडाधिकारी कलम २१ प्रमाणे तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेटीने मुलाला धोका असेल तर भेट नाकारूही शकतात.

आता भेटीच्या मसुद्याकडे. ‘एक आड एक शनिवार’ असे लिहू नका. एक शनिवार चुकला की पुढचा कोणाचा, यावर वाद सुरू होतो, आणि पाच शनिवार असलेल्या महिन्यात तो हमखास होतो. ‘दर महिन्याचा दुसरा व चौथा शनिवार’ लिहा. बँकवाल्यांना त्या दिवशी सुटीही असते. वेळ लिहा : शनिवारी सकाळी ११ ते रविवारी संध्याकाळी ६. आणायचे कोणी, पोचवायचे कोणी, कोणत्या ठिकाणी, उशीर झाल्यास किती मिनिटे थांबायचे, हे सगळे लिहा. मूल आजारी असेल, तर आदल्या संध्याकाळी डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या फोटोसह कळवायचे आणि बुडालेली भेट पुढच्याच शनिवारी द्यायची. ‘बुडालेली भेट भरून द्यायची’ हे वाक्य नसेल, तर प्रत्येक भेटीच्या दिवशी मुलाला ताप येऊ लागतो.

दिवाळीची सुटी मधोमध तोडा आणि लक्ष्मीपूजन कोणत्या वर्षी कोणाकडे हे सम-विषम सालानुसार लिहा. गणपती, वाढदिवस, शाळेचे स्नेहसंमेलन यांचाही उल्लेख हवा. उन्हाळी सुटीसाठी ‘शाळेने जाहीर केलेल्या सुटीचा पहिला अर्धा भाग’ असे लिहिले की दरवर्षी नव्या अर्जाची गरज उरत नाही. जुन्या हुकुमात हे नसेल, तर निदान मार्चमध्ये अर्ज द्या.

मूल दोन-तीन वर्षांचे असेल, तर महिन्यातून एक मुक्काम काही कामाचा नाही. ते इतक्या दिवसांत चेहराच विसरते. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, ओळखीच्या जागी भेटणे बरे. पुढचे टप्पे त्याच हुकुमात घालावेत : पहिले तीन महिने न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, पुढचे तीन महिने दिवसा बाहेर, नंतर एक रात्र मुक्काम. टप्पे लिहिले नाहीत की प्रत्येक पायरीसाठी नवा अर्ज, नवे म्हणणे, नव्या तारखा, आणि मूल तोवर पहिलीत गेलेले असते.

फोनचेही लिहा. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ताबा नसलेल्या पालकाला, खास कारण नसेल तर, रोज पाच ते दहा मिनिटे मुलाशी बोलता आले पाहिजे, आणि त्यासाठी व्हिडिओ कॉल उत्तम. वेळ नक्की करा, उदाहरणार्थ साडेसात ते पावणेआठ. कॉल चालू असताना मागून ‘विचार त्यांना, पैसे कधी पाठवणार’ असे कोणी बोलायचे नाही, हेसुद्धा आम्ही अटीत घालायला सांगतो.

मूल हाती देण्याचा क्षण सर्वांत नाजूक. इमारतीच्या गेटवर दोघे उभे. एक जण बॅग उघडून स्वेटर कुठे आहे ते पाहतो, दुसरा तापाच्या औषधाची बाटली उजेडात धरून ‘मागच्या वेळी एवढीच होती का’ विचारतो, आणि मधे मूल बुटाच्या टोकाने जमीन उकरत उभे. हे टाळण्याची एक सोपी वाट आहे. वडिलांनी शाळा सुटताना शाळेतूनच घ्यायचे आणि सोमवारी सकाळी शाळेतच सोडायचे. मोठ्यांची समोरासमोर गाठच पडत नाही. त्यासाठी हुकुमाची प्रमाणित नक्कल शाळेच्या कार्यालयात आधी द्यावी लागते, नाहीतर शाळा मूल सोडणार नाही, आणि ते बरोबरच आहे. औषधाचे नाव, किती मिलिलिटर, किती वाजता याची चिठ्ठी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. आजी-आजोबांना भेटीत हजर राहता येईल, एवढे चार शब्दही घालावेत. त्यांना स्वतंत्र हक्क आपोआप मिळत नाही.

भेट नाकारली गेली तर काय? घरी जाऊन दार ठोठावू नका. ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी जा, थांबा, त्याच दिवशी संदेशाने कळवा. दावा चालू असेल तर पुढच्या तारखेला पुरसीस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) देऊन बुडालेल्या भेटी तारीखवार नोंदवा आणि भरपाईच्या भेटीचा अर्ज द्या. अंतिम हुकूम झालेला असेल तर त्याच न्यायालयात दरखास्त, म्हणजे हुकुमाच्या अंमलबजावणीचा अर्ज. मुद्दाम हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होण्यापर्यंत आणि दिवाणी कैदेपर्यंत अधिकार न्यायालयाला आहेत. वारंवार अडवणूक हे ताबा बदलण्याचे कारणही ठरू शकते. ताब्याचा कोणताही हुकूम कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलता येतो, हे १९७३ पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आले आहे. त्यामुळे संमतीच्या अटींत ‘यापुढे कधीही भेट मागणार नाही’ असे लिहून देणाऱ्या वडिलांनी आणि लिहून घेणाऱ्या आईने, दोघांनीही, ती ओळ पक्की मानू नये.

एक चूक फार महागात पडते : भेट दिली नाही म्हणून पोटगी थांबवणे, किंवा पोटगी थकली म्हणून भेट बंद करणे. या दोन गोष्टी कायद्याने एकमेकींना बांधलेल्या नाहीत. खर्च मुलाचा आणि भेटही मुलाचीच. थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज आहे, भेटीसाठी दरखास्त आहे. एकाची वसुली दुसऱ्यातून करू गेले की न्यायालयापुढे दोघेही चुकीचे ठरतात.

‘नवऱ्याने मुलाला उचलून नेले, अपहरणाचा गुन्हा नोंदवा’ म्हणून पोलीस ठाण्यात गेलेल्या आईला बहुधा निराश परतावे लागते. न्यायालयाचा मनाई हुकूम नसेल, तर नैसर्गिक पालक असलेल्या वडिलांवर अपहरणाचा गुन्हा लागत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटले आहे. अशा वेळी लगेच अंतरिम ताब्याचा अर्ज करावा. मूल अगदी लहान असेल किंवा त्याला धोका असेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची (मुलाला न्यायालयापुढे हजर करा, असा हुकूम मागणारी) याचिकाही करता येते. भीती आधीपासूनच असेल, तर मूल न्यायालयाच्या परवानगीशिवाय हद्दीबाहेर नेऊ नये आणि त्याचा पासपोर्ट न्यायालयात जमा करावा, असा हुकूम आधीच मागावा.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी एवढेच : मुलांच्या परतीविषयीच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही. तिथल्या न्यायालयाचा हुकूम इथे विचारात घेतला जातो, पण शेवटी इथले न्यायालय मुलाचे हित स्वतः तपासते. ‘भारतात आणले की प्रश्न मिटला’ असेही समजू नये. मुलाला परत अमेरिकेत पाठवण्याचे हुकूम सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहेत.

विधी आयोगाने २०१५ मध्ये, २५७ व्या अहवालात, संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली होती. कायदा व्हायचा तेव्हा होईल. तोवर एक गोष्ट कायदा न बदलता करता येण्याजोगी आहे आणि आपल्या वृत्तपत्राने ती लावून धरावी अशी आमची विनंती आहे. तडजोड नोंदवण्यापूर्वी कुटुंब न्यायालयांनी पक्षकारांकडून एक पानाचा तक्ता भरून घ्यावा : वार, वेळ, जागा, ने-आण, दिवाळी, उन्हाळी सुटी, आजारपण, फोन. कोणताही रकाना कोरा असेल तर अटी परत समुपदेशकांकडे पाठवाव्यात. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. चौकशीसाठी क्रमांक १५१००.

कळावे,
कौटुंबिक दाव्यांत काम करणारे काही वकील व समुपदेशक, पुणे