मित्रास पत्र : वाशीच्या रोजगार मेळाव्याला येतोयस म्हणून

कोपरखैरणे,
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

काल फोनवर तू विचारलंस, "रेझ्युमेच्या किती प्रती काढू?" आणि मी "काढ तीस-चाळीस" म्हणून मोकळा झालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, गेल्या वर्षी आपण केला तोच गाढवपणा करायला हा चिपळूणहून रात्रभर प्रवास करून येणार. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, इथे तुझा इलाज नाही.

गेल्या वर्षी मी चाळीस प्रती घेऊन साडेनऊला हजर झालो. मोठ्या नावाचा स्टॉल बघून रांगेत उभा राहिलो, दीड तास. माझी पाळी आली तेव्हा पलीकडच्या मुलीने एक क्यूआर कोड पुढे केला, "यावर ऑनलाइन भरा." अरे, तो कोड मामाकडच्या गादीवर लोळत स्कॅन केला असता! पुढे दुपारपर्यंत पत्रिका वाटाव्यात तसे रेझ्युमे वाटत फिरलो. एकानेही वर मान करून बघितलं नाही.

अडीचच्या सुमारास बहुतेक पोरं वडापाव खायला बाहेर गेली होती. कोपऱ्यात रबाळ्याच्या एका छोट्या कंपनीचा स्टॉल होता. पंख्याने पत्रकं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक पितळी व्हॉल्व्ह ठेवलेला. मागे पन्नाशीचे एक गृहस्थ डबा संपवत होते. शर्टाला कडक इस्त्री, पण नखांच्या कडांना ग्रीस. मला रेझ्युमे देण्याचाही कंटाळा आला होता. व्हॉल्व्हचे हे दोन प्रकार पुस्तकात होते, म्हणून सहज विचारलं, "सर, हा गेट की ग्लोब?"

"तूच सांग," म्हणाले. मी चाक फिरवून आत बघितलं. चकती सरळ खाली येत होती. म्हटलं, गेट.

"हा अर्धा उघडा ठेवून पाणी कमी-जास्त करशील का?"

"हो."

ते हसले. "कर, आणि मग दर सहा महिन्यांनी बदलत बस." अर्धवट उघड्या गेटखालून पाणी जोरात घुसतं, चकती थरथरते आणि सीट, म्हणजे चकती टेकते ती जागा, झिजते. गेट एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. प्रवाह आवरायचा तर ग्लोब. डिप्लोमाच्या तीन वर्षांत हे मी दोनदा तरी लिहून मार्क मिळवले असतील! मग माझा रेझ्युमे उलटा करून त्यांनी मागे काहीतरी खरडलं. मी वाकून वाचलं : "गेट. चुकला, पण हात लावला."

तिसऱ्या दिवशी त्यांना ईमेल केला. फार नाही, चार ओळी : मी कोण, तो व्हॉल्व्ह, नंतर पुस्तकात काय सापडलं. आठवड्याने बोलावणं आलं. अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार, म्हणून लागलो, आज तिथेच आहे.

तेव्हा आठ-दहा प्रती पुरेत. येण्याआधी सहभागी कंपन्यांची यादी मिळव आणि महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलवरची नोंदणी उरकून टाक. यादीत दिघ्यापासून नेरुळपर्यंतच्या टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातली नावं शोध. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे. त्या छोट्या स्टॉलांवर बऱ्याचदा कारखान्यातला माणूसच बसलेला असतो, आणि त्याला तुझ्या प्रोजेक्टबद्दल खरंच ऐकायचं असतं. "जागा नाही" म्हणाले तर लगेच वळू नकोस, अप्रेंटिस घेता का विचार. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. हे त्यांना ऐकवायला जाऊ नकोस हां, फक्त विचार. आणि प्रत्येक स्टॉलवरून निघाल्यावर कोण भेटलं, काय बोललं ते तिथेच टिपून ठेव. संध्याकाळपर्यंत सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात.

पगाराचंही सांगतो, कारण तिथे मी आणखी एकदा तोंडावर आपटलो. एका स्टॉलवर "तीन लाखांचं पॅकेज" ऐकलं आणि मी आईला फोन करून महिना 25,000 सांगून टाकले. मामाने रात्री कागद घेतला. बेसिक, म्हणजे मूळ पगार, 12,500 धर. त्यावर 12 टक्के म्हणजे 1,500 कंपनीचा पीएफ, तो पॅकेजमध्येच मोजलेला. तुझा पीएफ आणखी 1,500. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळायच्या रकमेचे, साधारण 600, तेही पॅकेजमध्येच मोजलेले. व्यवसाय कराचे 200, फेब्रुवारीत 300. हातात राहिले 21,200. त्यातून विमा, बस असलं काही कापत असतील तर आणखी कमी. म्हणून आकडा ऐकलास की "हातात किती?" असं सरळ विचार, लाजू नकोस. मूळ सर्टिफिकेटं जमा करून घेतो म्हणणारा किंवा ट्रेनिंग किटचे पैसे मागणारा भेटला तर मात्र काही न विचारता चालू लाग. मी पाचशे रुपये घालवलेत. किट म्हणजे एक वही आणि एक पेन.

कपड्यांचं तुझं तू बघ. फक्त ते नवे बूट घालू नकोस, दिवसभर उभं राहायचंय.

तुतारी एक्स्प्रेसने ये, पनवेलला उतर आणि तिथून ठाणे लोकल पकड. कोपरखैरणे स्टेशनावर मी घ्यायला येतो. आंघोळ, चहा करून वाशीला जाऊ. मी सुट्टी टाकली आहे, पण आत तुझ्याबरोबर फिरणार नाही. दोघं असलो की आपण एकमेकांशीच बोलत बसतो, बारावीपासूनचा अनुभव आहे.

काकूंना नमस्कार सांग. कुळथाचं पीठ संपलंय, हे त्यांच्या कानावर घाल. तुझ्याकडे दिलं तर तू विसरशील, म्हणून त्यांनाच तुझ्या बॅगेत ठेवायला सांग.

तुझा,
गोट्या