पावसातलं सरण आणि 21 दिवस

संपादक महोदय,
जुलैत आमची आये गेली, राजापूर तालुक्यातल्या गावी. मी मुंबईला, रात्रीची कोकण रेल्वे पकडून घरी पोचेपर्यंत दुपार झाली आणि पाऊस असा की स्मशानातली आंब्याची लाकडं नुसती धुमसत होती, शेडचे दोन पत्रे वादळात उडालेले ते तसेच. वाडीतल्या पोरांनी कुणाच्या पडवीतली सुकी लाकडं, कुणाची नारळाची सोडणं, झावळ्या आणून दिल्या तेव्हा कुठे पेटलं. रडायला वेळच नाही मिळाला खरं सांगतो. रडू आलं ते दहाव्याला, पिंडाला कावळा शिवेना, काकी म्हणाली, "अरे, तिच्या गायीला सांभाळतो म्हण." म्हटलं, आणि शिवला! (योगायोग असेल, असो.)

या सगळ्यात मृत्यूची नोंद राहिली. ती 21 दिवसांत करायची असते, नंतर लेट फी, महिना उलटला की परवानगी, स्वतः सही करून दिलेला कागद, आणि दाखल्याशिवाय बँकेत कुणी बोलत नाही. तेराव्याआधीच भावकीतल्या एकावर हे काम टाका. आणि पावसाळ्याआधी वाडीवाडीत थोडी सुकी लाकडं ताडपत्रीखाली ठेवूया, पत्रे बसतील तेव्हा बसतील.

- एक चाकरमानी